मूळपुरुषाचा दगड

एसटी यायला दहा मिनिटं होती आणि निवृत्ती खराटेच्या बॅगेवर सरपंचबाई बसल्या होत्या.

"गाव वसवलं ते खराट्यांच्या मूळपुरुषानं. त्याचा शेवटचा वंशज तू. तू नाशकाला नोकरीला गेलास तर होळी कोण पेटवणार? माझे दीर?"

"काडी कुणीही ओढतं, काकू."

"मान तुमचा आहे!" सगळं गाव एकसुरात म्हणालं.

निवृत्तीचा हा तिसरा प्रयत्न. पहिल्यांदा त्याला वाजतगाजत परत आणलं होतं, दुसऱ्यांदा झोपेतच, ट्रॅक्टरमधून. आज मात्र आशा होती. वेशीवरचा मूळपुरुषाचा शिलालेख वाचायला शहरातून एक मॅडम आल्या होत्या आणि दगड सांगेल ते मान्य, असा गावाने शब्द दिला होता. कुठलाही दगड निवृत्तीला अडवा म्हणणार नाही, याची त्याला खात्री होती.

मॅडमनी अक्षरांवर पीठ चोळलं आणि सावकाश वाचलं, "गाव वसवून खराटा येथून सात वेळा पळाला. गावाने सातही वेळा धरून आणला. आठव्या वेळी हा दगड रोवून त्यास बांधिला. मग तो रमला."

एसटी आली, हॉर्न वाजवून निघून गेली.

निवृत्तीने दगडाकडे नीट पाहिलं. दोर घासून पडलेली खाच बरोबर त्याच्या कमरेला येत होती.

सरपंचबाईंनीही ते पाहिलं.

"बघा," त्या कौतुकाने म्हणाल्या, "उंचीसुद्धा घराण्याचीच घेतलीय पोरानं. जा रे कुणीतरी, दोर आणा."