पांढरी पट्टी

नर्सनं तिच्या वडिलांच्या थंडगार मनगटावरची पांढरी पट्टी कात्रीनं कापून तिच्या तळहातावर ठेवली. पांढरी म्हणजे औषधाची ॲलर्जी नाही, बेधडक टोचा. ठाऊक नसेल तर पिवळी. मग आधी थेंबभर टोचून बघतात. “आमच्या कॉम्प्युटरवर ‘नाही’ असंच दिसलं हो, ताई, म्हणून थेट टोचलं,” नर्स पुटपुटली. छोट्या दवाखान्यांतली माहिती या मोठ्या रुग्णालयाला पोचवणारी वेब सर्व्हिस तिनंच लिहिली होती. ठाऊक नसेल तर ॲलर्जीचा रकाना रिकामा सोडायचा, हा नियमही तिचाच. “रुग्णालयाचं सॉफ्टवेअर वेगळ्या भाषेत लिहिलंय, ते रिकाम्याला ‘नाही’ समजलं तर?” सहकाऱ्यानं तेव्हाच विचारलं होतं. “एवढी अक्कल असेल त्यांना!” म्हणत तिनं उडवून लावलं. फोन वाजला. तोच होता. “तपासलं गं!” त्याचा जीव भांड्यात पडला होता. “आपलं काहीच चुकलेलं नाही. रकाना रिकामाच गेलाय, तू म्हणालीस तसाच.”