खजुराच्या बियेतला हिरा
तुरुंगाच्या फाटकावर धातू बंद, हा हुकूम तुमचाच ना, साहेब? माझा मुलगा खटल्याशिवाय दोन वर्षं आत आहे, आणि साखरपुड्याची अंगठी नवरदेवाने स्वतः घालायची, ही आमची रीत. होणारी सून नेरमीन कैरोतल्या माझ्या दुकानात आली, तेव्हा मी बायकोच्या अंगठीतला हिरा काढला. “सोन्यात बसवू की प्लॅटिनममध्ये?” “फाटकावरचं मशीन दोन्हींवर ओरडेल, काका. खजुराच्या बियेत बसवा.” “पोरी, मी सोनार आहे, माळी नाही!” “मग माळी व्हा.” मी बी कोरली, तिच्यात हिरा चिकटवला, दोऱ्यात ओवली. नेरमीन ती घेऊन भेटीला गेली, आणि फाटकावरचं मशीन गप्प राहिलं. मुलाने तिच्या बोटाला तो दोरा तीन गाठींनी बांधला. परत येऊन ती म्हणाली, “काका, खऱ्या अंगठीचा धातू तुमचा मुलगाच निवडेल, इथे दुकानात बसून.” सोनं, प्लॅटिनम दोन्ही मांडून ठेवलंय. माझा मुलगा निवडायला कधी येणार? बोला!