दोन तासांचं वर्तुळ

"तळं बाद," मोजणीदार हलक्या आवाजात म्हणाला आणि नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावर त्याने फुली मारली. "नुसतं जायलाच साडेतीन तास लागतात."

शिंपिणीने शिवायचे कपडे खुर्चीवर ढकलून टेबलावर नकाशाला जागा करून दिली होती. मधूनमधून ती पायाने मशीन रिकामीच फिरवत होती. पलीकडच्या खोलीत बाबांना वाटावं, काम चालू आहे.

"आणि तो धबधबा?"

"जाऊन येऊन दोन तास दहा मिनिटं."

तिने मान हलवली. बाबांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे. जरा उशीर झाला की पाठीला जखम व्हायची, आणि एक जखम भरून यायला दोन महिने जायचे. परक्या माणसाला बाबा अंगाला हात लावू देत नसत. कामाला ठेवलेल्या दोन बायका आठवड्याच्या आत निघून गेल्या होत्या. शेजारच्या काकू उशाशी बसायला तयार होत्या, पण नुसत्या बसायला.

भावाला फोन करून झाला होता. "या वयात लग्न?" तो म्हणाला होता. "मग बाबांचं कोण करणार?" त्यानंतर तिने कुणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं. दोघांनी गुपचूप जायचं, लग्न करायचं आणि परत यायचं. तिचा हट्ट एकच होता. कचेरीतल्या बाकड्यावर नको. उघड्यावर करू, झाडं असतील, पाणी असेल अशा ठिकाणी. नोंदणी कार्यालयातल्या बाई कुठेही यायला राजी होत्या. साक्षीला मोजणीदाराचे दोन सहकारी येणार होते.

"असं करू," मोजणीदाराने कर्कटक काढलं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. अडचण आली की तो मोजायला घ्यायचा. "पन्नास मिनिटं जायला, पन्नास यायला. वीस लग्नाला."

"वीस मिनिटांत लग्न?"

"सह्यांना पाच मिनिटं पुरतात. बाकीची पंधरा झाडं बघायला."

तिला हसू आलं. तिने ते तोंडावर हात ठेवून दाबलं. त्याने घराच्या जागी टोक रोवलं आणि वर्तुळ काढलं. दोघंही वाकून आत काय काय येतं ते बघू लागले. सिमेंटचा कारखाना. कालवा. पाण्याची टाकी. दोन जुन्या खाणी. शहराचं मैदान, पण तिथे सगळे ओळखीचे.

"या खाणीत पाणी साठलंय," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "हिरवंगार दिसतं. कडेला बाभळी आहेत. मी मोजणीला गेलो होतो तेव्हा एक खंड्यासुद्धा बघितला."

"खंड्या होता?"

"होता."

"मग चालेल," ती म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला, तशी तिने पुन्हा सांगितलं, "चालेल रे. खरंच." चार वर्षांत ती औषधाच्या दुकानापलीकडे गेली नव्हती. खाण काय आणि तळं काय. कुणी हाक मारणार नाही अशी वीस मिनिटं तिला हवी होती.

आतून हाक आलीच.

ती गेली. बाबा डाव्या कुशीवर होते, डोळे उघडे. आजारपणाने त्यांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द ते ओढून आणल्यासारखा आणत. तिने पांघरूण काढलं, उशा बाजूला केल्या.

"खाण... नको," बाबा म्हणाले.

तिचे हात थांबले. "कसली खाण बाबा?"

"कान... शाबूत आहेत... माझे."

आता आरडाओरडा होणार, काकूंपर्यंत आवाज जाणार, संध्याकाळी भावाचा फोन येणार. तिने मनातल्या मनात सगळं होऊनही जाऊ दिलं.

"खाणीत... लग्न करतं... का कुणी?" बाबा म्हणाले. "तळ्यावर... जा."

"तळं लांब आहे. जाऊन यायला सात तास लागतात. तुमचं कोण करणार?"

तिने एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि मनात तीन आकडे म्हणून त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. आता त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. ओल येऊन फुगलेला रंग त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता.

"मला... ने," ते भिंतीला म्हणाले.

"कुठे?"

"तळ्यावर. गाडीत... मागे. आडवा... पडेन." त्यांना धाप लागली. तरी ते थांबले नाहीत. "मी... मध्ये... बोलणार नाही."

लहानपणी जत्रेला नाही, बाजाराला नाही, कुठेच तिला सोबत न नेणारा माणूस. त्याच्या मानेवरचे पांढरे केस वाढले होते. कापायला हवे होते.

"अगं, ठरलं ना मग?" बाहेरून मोजणीदाराने दबक्या आवाजात विचारलं. "बुधवार? त्या बाईंना कळवायचंय."

बाबांनी श्वास रोखून धरलेला तिला हाताला कळला.

"मोठी गाडी लागेल," ती म्हणाली. आवाज दबका ठेवायची आता गरज नव्हती, तरी तो दबकाच निघाला.

"काय?"

"मोठी गाडी. मागची सीट आडवी होणारी."

बाबांनी रोखलेला श्वास सोडला आणि त्यांचं सगळं अंग सैल पडलं, जड झालं. तिचा उजवा हात अजून त्यांच्या कमरेखालीच होता. तो ओढून घेतला तर त्यांना धक्का बसला असता. हाताला मुंग्या आल्या तरी ती तशीच वाकून उभी राहिली.