शेजारच्या ग्रहावरची राणी

"आई, छान आहे म्हणू नकोस. परत खेळावंसं वाटतंय का, तेवढंच सांग," म्हणत लेकीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

नोकरी सोडून ती वर्षभर हा अंतराळातला खेळ बनवत होती. आधीचे तिन्ही प्रयत्न मीच खेळून पाहिले होते. ग्रह जिंकायचे, खाणी खणायच्या, अजून ग्रह जिंकायचे. प्रत्येक वेळी मी "छान" म्हणाले आणि माझं तोंड बघून तिने सगळं पुसून टाकलं. आज चेहरा नीट ठेवून खोटं बोलायचं, हे मी पोळ्या लाटतानाच ठरवलं होतं.

या वेळी शेजारच्या ग्रहावर दुष्काळ पडला. तिथली राणी काकुळतीला आली, म्हणून मी निम्मं पाणी देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी ती बया माझ्यावरच चाल करून आली. मी हरले.

"झालं. चल जेवायला," लेक लॅपटॉप मिटायला लागली.

मी तिचा हात धरला. "थांब! परत लाव. आता बघतेच तिला. एक थेंब देणार नाही."

"पोळ्या गार होतील," लेक डोळे पुसत म्हणाली.

"होऊ देत."

चेहरा नीट ठेवायचं मी विसरूनच गेले होते.