फेट्याची घाई

"त्यो म्हातारा कोण व्हता, एवढंच सांगा मला," दुकानदार परमेश्वर सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

बसमध्ये एकच कालवा उठला. सेलूच्या मैदानावर पालमच्या कॉलेजच्या पोरी बास्केटबॉलचा सामना एका गुणानं हरल्या होत्या, एकोणपन्नास-अठ्ठेचाळीस. त्यांच्यामागं दुकानं बंद करून गेलेली ही पंधरा-वीस मंडळी परभणी सुटल्यापासून तोच सामना तोंडानं पुन्हा खेळत होती. पुढच्या सीटांवर पोरी आणि त्यांचे सर बसले होते.

शेवटून दुसऱ्या सीटवर, खिडकीला खेटून आश्रुबा बसला होता. गळ्यातला पंचा त्यानं डोक्यावरून पार भुवयांपर्यंत ओढला होता. पायाशी पिशवी, पिशवीत तांबडा फेटा. म्हातारा म्हणजे हाच.

माणूस वाईट नव्हता, पण जन्म गेलेला मेंढरांमागं आणि जत्रेतल्या कुस्त्या बघण्यात. पैलवानानं समोरच्याची पाठ मातीला लावली की हौशी माणसानं आखाड्यात शिरायचं आणि आपल्या डोक्यावरचा फेटा सोडून त्याच्या डोक्याला बांधायचा, एवढी रीत त्याला ठाऊक. अर्पितानं, त्याच्या लेकीनं, चेंडू जाळीत टाकला, पालम एका गुणानं पुढं गेलं, लोक नाचायला लागले. आश्रुबाला वाटलं, झालं, मारली कुस्ती. फेटा सोडत सोडत गडी थेट मैदानात! चार सेकंद बाकी होते. तो लेकीपाशी पोचायच्या आत पोरांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं. पंचानं दंड म्हणून सेलूला एक फ्री थ्रो दिला आणि बरोबरी झाली. मग बावरलेल्या अर्पितानं सेलूच्या एकीचा हात धरला. आणखी एक फ्री थ्रो, आणि खेळ खलास.

सर तिथंच कडाडले होते, "ज्या मुलीचा तो माणूस असेल, तिनं उद्यापासून ग्राउंडवर यायचं नाही!" अर्पितानं गर्दीकडं पाहिलं होतं. आश्रुबानं लांबूनच ओठावर बोट ठेवलं होतं.

आता एवढं गंगाखेड येऊ दे, असं तो मनात घोकत होता. तिथं उतरून राणीसावरगावची गाडी धरली की सुटलो. हीच बस कशाला धरली म्हणाल, तर दुसरी सहाशिवाय नव्हती आणि मेंढरं एकट्या बायकोवर, कडूबाईवर टाकून आलेला.

"म्हाताऱ्याचं सोडा वो," बुद्धभूषण म्हणाला. तो एकेकाळी जिल्ह्याकडून खेळलेला, त्यामुळं त्याचा शब्द वजनाचा. "अर्पिताला हात धरायची काय गरज व्हती? नुस्ते हात वर करून उभं ऱ्हायचं."

"अन् बरोबरी कुणी करून दिली?" परमेश्वर उसळला. "त्यो घुसला नसता तं ही येळच आली नसती. मी सांगतो, सेलूवाल्यांनी मुद्दाम घुसवला."

"फेटा तं आपल्याकडचा दिसत व्हता." बुद्धभूषण आश्रुबाकडं वळला. "काय बाबा, तुमी व्हता का मॅचला?"

आश्रुबाची पाचावर धारण बसली. "म्या? म्या दवाखान्यात गेलतो. दम लागायलाय."

ते खोटं बोलणंही खरंच झालं. त्याला श्वास पुरत नव्हता.

"थांबा, व्हिडिओ हाय की माझ्याकडं!" परमेश्वरनं मोबाइल काढला आणि तो पुढं सरांच्या हातात नेऊन दिला. सरांनी एकवार बघितलं, मग शेजारच्या पोरीपुढं धरला. "ओळखतेस?"

ती निकिता. गेल्या दिवाळीत आश्रुबाच्या मेंढवाड्यावर मेंढरांत बसून तांब्याभर दूध पिऊन गेलेली. तिनं नीट बघितलं. "न्हाई, सर."

पुढची सविता. तीही घरी आलेली. "आपल्यातला न्हाई वाटत, सर."

आश्रुबाच्या जिवात जीव आला. पोरी पाठीशी घालायल्या होत्या. मोबाइल अर्पितापुढं गेला तसे त्यानं पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळला. न्हाई म्हण, माय. एवढा एक डाव न्हाई म्हण. बाप मेला म्हण, पण न्हाई म्हण.

अर्पिता बघतच राहिली. व्हिडिओ संपला, पुन्हा सुरू झाला.

"माझे आबा हायत," ती म्हणाली. "त्यांला वाटलं, आपण जिंकलो."

परमेश्वर हळूच सीटवर सरळ बसला.

"मी काय बोललो होतो, ठाऊक आहे ना?" सरांनी विचारलं.

"ठाऊक हाय, सर." तिनं मांडीवरची चेंडूंची जाळी उचलली आणि निकिताच्या मांडीवर ठेवली.

आश्रुबा उठला. डोक्यावरचा पंचा खांद्यावर घसरला, पण त्याला भान नव्हतं. सीटा धरत धरत तो मधल्या वाटेनं पुढं आला आणि सरांपुढं त्यानं हात जोडले.

"मास्तर, गलती माझी हाय. मला हितंच उतरवा. पण बॉल तिच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला खरंच उतरायचंय. त्यानं दोरी ओढून घंटी मारली. गाडी कापसाच्या रानाकडेला थांबली, दार उघडलं, आणि अख्खी बस सरांच्या तोंडाकडं बघत राहिली.