टाकीचं झाकण

"हे होते तोवर गाडी कधी दमली नाही. आता अर्धा तास नीट चालते, मग चढावर जोरच जातो," मी मेकॅनिकला सांगितलं. त्याने प्लग पाहिले, फिल्टर बदलला, तरी तेच. आज तो शेजारी बसून आला. गाडी मरगळली तसं उतरून त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्सकन आवाज आला आणि गाडी मुकाट्याने चढली. "झाकणातलं भोक बुजलंय, वहिनी. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल अडतं." तो फुस्स आवाज ओळखीचा होता. हे चढाआधीच्या वळणावर थांबायचे, "पाय मोकळे करतो," म्हणत मागे जायचे. फुस्स व्हायचं. मला वाटायचं, टायरची हवा बघतात. "एका दमात पोहोचू की," मी करवादायचे. नवं झाकण बसवून मी निघाले. गाडी अडली नाही. तरी त्या वळणावर थांबले, झाकण उघडलं. आवाज आला नाही.