शुद्ध भाषेचं पदक

पडद्यावर राजवाड्याचं दार उघडायची वेळ झाली, तसा निंबा बाकाच्या कडेला सरकून बसला. कनातीपलीकडे, बायकांच्या बाजूला, तानुअक्काही पदर कानामागे सारून बसली असणार, हे त्याला न बघता कळत होतं.

त्या आठवड्यात धुळ्यात निंबाचा रुबाब काही औरच होता. मुंबईच्या एका सिनेमा मासिकाचा पदकांचा समारंभ पार पडला आणि भाड्याच्या सायकलींच्या दुकानात बसून निंबानं केलेले अंदाज एकूण एक खरे ठरले. नट खरा, नटी खरी, आणि शुद्ध भाषेचं सुवर्णपदक या राजवाड्याच्या चित्राला, हेही खरं. ज्यांनी त्याची टिंगल केली होती तेच आता चहा पाजून पुढच्या वर्षीचं विचारत होते. निंबाचा जीव मात्र त्या एका पदकात अडकला होता. पदक मिळालेलं चित्र पुन्हा गावोगाव फिरतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "अक्का, पदक भेटनं का चित्र परत ई," असं त्यानं शेजारच्या तानुअक्काला छातीठोक सांगून टाकलं होतं.

कारण चित्रात तिचा पोरगा झुलाल होता. होता म्हणजे, भालदार. खांबाच्या सावलीत उभा, पागोटं भुवयांपर्यंत आलेलं, तोंड धड दिसायचं नाही. 'महाराज, सगळे जमले,' एवढंच त्यानं म्हणायचं होतं. ऐन वेळी पोरगं बावरलं आणि बोलून गेलं, 'महाराज, बठ्ठे जमले!' मुंबईच्या गडबडीत ते तसंच राहून गेलं. धुळ्यात मात्र त्या शब्दाला लोक थेटर डोक्यावर घ्यायचे. परीक्षकांनी तो धरला तर, असं कुणी म्हटलं की निंबा हात झटकायचा. एवढ्या मोठ्या चित्रात एका शब्दाला कोण विचारतंय!

चित्र धुळ्यातून गेलं आणि त्याच पावसाळ्यात झुलाल मुंबईत तापानं गेला. त्याचा फोटो कधी काढलेला नव्हता. आईसाठी मागे राहिला तो एवढा आवाज, आणि तोही पत्र्याच्या डब्यात बंद होऊन परगावी फिरत असलेला.

दार उघडलं. पिटातल्यांनी शिट्ट्यांसाठी बोटं तोंडात घातली. महाराज सिंहासनावर बसले होते आणि सगळा दरबार आधीच जमलेला होता. भालदार आलाच नाही.

"अरे, बठ्ठे कोठे गयात?" मागून कुणीतरी ओरडलं. चार जण हसले. चित्र पुढे चालत राहिलं.

मध्यंतर होताच तो मशीनच्या खोलीकडे धावला. मशीन चालवणारा अभिमन दारातच बिडी ओढत उभा होता.

"तुकडा तुटना का रे, अभिमन? जोडताना राही गया का?"

"मनी चूक नही, भो. नवी प्रत शे ही." अभिमननं बिडी विझवली. "शुद्ध भाषानं पदक भेटनं ना? मंग कंपनीनी तो डाग काढी टाका."

डबे घेऊन आलेला कंपनीचा माणूस हे हसत हसत सांगत होता म्हणे. एका गावंढळ शब्दापायी लाज गेली असती, थोडक्यात बचावलो.

"आनि जुनी प्रत?"

"जुन्या जाळतस. चांदी निंघस म्हने त्यातून."

निंबा भिंतीला टेकला. आपला अंदाज चुकला असता तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पदक दुसऱ्या कुणाला गेलं असतं, तर झुलाल कुठल्या तरी गावी, कुठल्या तरी तंबूत अजून बोलत राहिला असता. खाली उतरताना दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं तुले, निंबा!" त्याला ती थाप सहन झाली नाही.

खेळ सुटला. तानुअक्का धुतलेलं लुगडं सावरत बायकांच्या दारातून सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. उन्हात डोळे बारीक करून तिनं निंबाला शोधलं.

"निंबा, माले झोप लागनी व्हती का रे?"

"नही, अक्का."

"मंग कान गयात का मना? लोकेसन्या शिट्याबी ऐकू नही उन्यात."

मशीन बिघडलं होतं, उद्या होईल नीट, असं सांगावं हे निंबाच्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"बठ्ठा गाव म्हनस, तू सांगस ते खरं व्हस," ती म्हणाली. "मंग सांग ना. सकाय तरी बोली का तो?"

"नही, अक्का. आते कधीच नही. तो शब्द अशुद्ध शे म्हने. काढी टाका त्यासनी."

अशुद्ध म्हणजे काय, ते तानुअक्काला तिच्या घरापुरतं ठाऊक होतं.

"अशुद्ध? सुतक तं कधीनंच फिटनं ना रे?"

"तसं नही, अक्का." निंबा म्हणाला. "आपली बोली अशुद्ध शे म्हने."

तिला समजायला वेळ लागला. थेटरापुढची गर्दी पांगली, पोस्टरवरचं सोनेरी पदक उन्हात चकाकत राहिलं.

"त्याले बोलाले मीच शिकाडं व्हतं," ती म्हणाली.

मग तिनं पदर तोंडावर घट्ट धरला आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.